मुलीच्या वहीतला 1420

सिंहगड रोडवरून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी अकरावी सायन्सला. जेईईच्या क्लासची दोन वर्षांची फी एकदम भरून झालीय, सहामाहीत फिजिक्सला 58 टक्के पडलेत, आणि ती म्हणतेय की मला क्वेसार, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकेचं झगझगीत केंद्र, आणि आपण यांच्या मधला थंड हायड्रोजन शोधायचाय. ‘वायू शोधून पोट भरत नाही, हे तिला तुमच्या भाषेत समजावून सांगा,’ अशी त्यांची विनंती. पुरावा म्हणून तिच्या वहीतल्या एका पानाचा फोटो जोडलाय.

नमस्कार. मार्कांचं नंतर बघू, आधी त्या पानाबद्दल.

1420 ला 2 ने भागून तिने 710 लिहिलंय. मग ते खोडून 3 ने भागलंय, 473. शेजारी बारीक अक्षरात ‘1 मिळवायचा राहिला’. आणि त्याखाली लाल शाईत, तुमच्या अक्षरात, ‘वेळेचा अपव्यय’. खाली सहीसुद्धा ठोकलीत!

त्या आकड्यांचा अर्थ तुम्ही तिला विचारलात का? हायड्रोजनचा अणू 1420 मेगाहर्ट्झला, म्हणजे 21 सेंटिमीटरच्या रेडिओ लहरीवर, आपली खूण सोडतो. विश्व प्रसरण पावतंय, म्हणून दूरवरून येता येता ती लहर ताणली जाते. या ताणाचं माप म्हणजे ताम्रसृती. ती 2 असेल तर लहर दुप्पट नाही, तिप्पट होते, कारण त्या 2 मध्ये 1 मिळवायचा असतो. इथे पदवीची मुलंही घसरतात. तुमची मुलगी घसरली आणि तिचं तिलाच कळलं. या खाडाखोडीला मी 58 टक्क्यांपेक्षा जास्त मार्क देईन.

तुमच्या पत्रात ‘आम्ही ठरवलंय’ सहा वेळा आलंय, मी मोजलं. तिचं नाव एकदाही नाही, सगळीकडे ‘पाल्य’. शाळेच्या परिपत्रकात ठीक आहे हो, पण घरात? मला काळजी वाटतेय ती याची. सोळा वर्षांची मुलगी तुमच्याशी भांडायची नाही. ती दुसरी वही करेल आणि ती तुम्हाला सापडणार नाही. पाच-सहा वर्षांनी ती गुमान इंजिनिअर होईल, तुम्ही पेढे वाटाल, आणि तेव्हाही तिच्या डोक्यात काय चाललंय याचा घरात कुणाला पत्ता नसेल. अशी पस्तिशीतली माणसं हिंजवडीहून माझ्याकडे येतात. पहिली दहा मिनिटं त्यांना बोलताच येत नाही.

आता एक गैरसमज, आणि तो तुम्हा दोघांचाही दिसतोय. तिला वाटतं कोडिंग म्हणजे रटाळ नोकरी आणि आकाश म्हणजे दुर्बिणीला डोळा लावणं. तुम्हाला वाटतं कोडिंग म्हणजे भविष्य आणि आकाश म्हणजे छंद. तिला जे शोधायचंय ते असं समजा: पुणे-नाशिक रस्त्यावर रात्री समोरून ट्रक येतो आणि मध्ये धुकं असतं. धुकं स्वतः चमकत नाही. हेडलाइट मंद झाला की ते आहे हे कळतं. क्वेसार हा तो हेडलाइट, आणि वाटेतल्या दीर्घिकेतला थंड वायू हे धुकं. फक्त हे धुकं क्वेसारच्या रेडिओ लहरींचा एकच बारीक पट्टा खातं, त्यामुळे आलेखाच्या रेषेत एक लहानसा खड्डा पडतो. वायू उणे 173 अंशांच्या आसपास असला तर खड्डा दिसतो. तेवढाच वायू काही हजार अंशांना तापलेला असला तर जवळजवळ दिसतच नाही. तारे थंड वायूतूनच घडतात, म्हणून हा आटापिटा. पण 900 मेगाहर्ट्झच्या आसपास मोबाइलचे टॉवर कलकलाट करत असतात, आणि पाच-सहा अब्ज वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनची खूण नेमकी तिथेच यायची. मग हा खड्डा आकाशातला की टॉवरचा घोळ, ते शोधण्यात महिने जातात. हे सगळं काम कॉम्प्युटरवर होतं. कोड लिहून, दिवसाढवळ्या!

‘त्यासाठी नासात जावं लागेल,’ असंही तुम्ही लिहिलंय. अहो, नारायणगावजवळ खोडदला, तुमच्या घरापासून दोन-अडीच तासांवर, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, स्टेनलेस स्टीलच्या तारांच्या जाळीच्या. दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट या रेडिओ दुर्बिणीच्या 64 अँटेना वापरून असाच वायू शोधण्याचा मोठा प्रकल्प चाललाय, त्याचं नेतृत्व आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतले नीरज गुप्ता करतात. आयुका कुठेय, हे पुणेकराला मी सांगायला नको.

परीक्षांचं म्हणाल तर जेईई आहेच. आयसर आणि नायसर या विज्ञान शिकवणाऱ्या, संशोधन करणाऱ्या संस्था. आयसरची ॲप्टिट्यूड टेस्ट आणि नायसरसाठी नेस्ट या परीक्षाही तिने द्याव्यात. बी.टेक. करूनही पुढे खगोलशास्त्रात पीएच.डी. करता येते, त्यामुळे क्लासची फी काही पाण्यात गेलेली नाही.

तिलाही गोड बोलून फसवणार नाही. पीएच.डी. होईपर्यंत सत्तावीस-अठ्ठावीस उजाडतं, पुढे काही वर्षं करारावरच्या नोकऱ्या, बऱ्याचदा परदेशात. कायमच्या जागा थोड्या, रांग मोठी. अनेकजण मध्येच डेटा सायन्सकडे वळतात आणि चांगलं कमावतात. पोट भरतं. तुम्ही म्हणता त्या वेळेला आणि त्या पद्धतीने भरत नाही, इतकंच.

तेव्हा तिला समजावण्याचं काम मी घेत नाही. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदला लोकांना आत जाऊन बघता येतं. तिला घेऊन जा. तिथे मोबाइल बंद ठेवायला सांगतील. का, ते तिला विचारा आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नका.

58 टक्के मात्र मला खटकतात. जिला ताम्रसृती कळते तिचे मार्क कुठे गेले, ते बघायला हवं. सहामाहीची उत्तरपत्रिका पाठवा. या वेळी त्यावर काही लिहू नका.