डिव्हाइस कधी झोपवायचं हे ड्रायव्हरवरच सोडलं तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की स्वतःच्या छोट्या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) प्रत्येक ड्रायव्हरने (एकेका डिव्हाइसला चालवणाऱ्या कोडने) काम संपलं की आपलं क्लॉक (ज्या ठोक्यांवर डिव्हाइस चालतं तो सिग्नल) आपणच बंद केलं तर भागेल ना, मध्ये वेगळं फ्रेमवर्क कशाला. नाही भागत हो. मी पण आधी तसंच केलेलं, एका सेन्सरपुरतं मस्त चाललं, मग त्याच आय-टू-सी बसवर (चिप जोडायच्या सामायिक तारांवर) दुसरा सेन्सर आला आणि पहिल्याच्या ड्रायव्हरने आपलं झालं म्हणून बसचं क्लॉक काढून घेतलं, दुसऱ्याचं ट्रान्सफर अर्ध्यातच लटकलं. कसं झोपवायचं हे ड्रायव्हरलाच माहीत असतं, पण आत्ता झोपवायचं का हे कोअरनेच (सगळ्या ड्रायव्हरांच्या वरच्या सामायिक कोडनेच) ठरवायला हवं, कारण ते डिव्हाइस अजून कोणाला लागतंय हे एकट्या ड्रायव्हरला दिसतच नाही.

लिनक्समध्ये असं फ्रेमवर्क, रनटाइम पॉवर मॅनेजमेंट, २००९ मध्ये, २.६.३२ पासून आलं, राफाएल विसोत्स्की यांचं काम. मुळात दोन आकडे, किती जण वापरतायत आणि किती मुलं (त्याच्यावर जोडलेली डिव्हाइस) जागी आहेत, दोन्ही शून्यावर आले तरच सस्पेंड, म्हणजे झोपवणं. वापरायच्या आधी "गेट" म्हणून पहिला आकडा एकने वाढवायचा, काम झालं की "पुट" म्हणून कमी करायचा. उठवताना आधी पॅरेंट मग मूल, झोपवताना उलटं. पॅरेंट नाही पण ज्याच्या जिवावर चालतो असा दुसरा डिव्हाइस असेल तर त्यासाठी ४.१० मध्ये डिव्हाइस लिंक आल्या, तुम्ही ती सोय पहिल्यापासूनच ठेवा.

आता खरी मेहनत कुठे आहे सांगतो. स्टेट दोन नाही, चार लागतात, कारण सस्पेंडचा कॉलबॅक (कोअर बोलावतो ते ड्रायव्हरचं फंक्शन) चालू असतानाच कोणीतरी गेट मागतो, आणि कॉलबॅक स्वतः थांबू शकतो म्हणून स्पिनलॉक (बाकीच्यांना जागीच घिरट्या घालत थांबवणारं कुलूप) धरून तो चालवता येत नाही, मग "झोपतोय" आणि "उठतोय" असं लिहून ठेवून लॉक सोडायचा आणि मागून आलेल्याने ते संपेपर्यंत वाट बघायची. ही वाट बघणं इंटरप्टमध्ये (हार्डवेअरने मध्येच हाक मारल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) चालत नाही, तिथे फक्त विनंती टाकायची आणि उठवायचं काम वर्कक्यूने (नंतर करायच्या कामांच्या रांगेने) करायचं.

इंटरप्टवरून आठवलं, शेअर्ड लाइन (अनेक डिव्हाइसची एकच इंटरप्टची तार) असेल तर फार जपा. शेजारच्या डिव्हाइसचा इंटरप्ट आला की तुमचा पण हँडलर चालतो, आणि पीसीआयवरचं (कॉम्प्युटरमधल्या कार्डांच्या बसवरचं) डिव्हाइस झोपलेलं असेल तर रजिस्टर वाचल्यावर सगळे बिट १ येतात, म्हणजे ०xएफएफएफएफएफएफएफएफ. हँडलरला वाटतं सगळीच कारणं एकदम आली, आणि तो नसलेला डेटा उचलायला जातो. म्हणून "जागं असेल तरच मोजणी वाढव" असा एकच अखंड कॉल कोअरमध्ये हवा, आधी तपासलं आणि मग धरलं असं दोन पायऱ्यांत केलं की मधल्या फटीत डिव्हाइस झोपतं.

लगेच झोपवू पण नका, उठायला वेळ जातो, पीसीआयला डी३हॉटमधून (झोपेतून) डी० ला (पूर्ण जागं) आणलं की १० मिलिसेकंद थांबावं लागतं. थोडा उशीर ठेवा, लिनक्समध्ये यूएसबीचा डीफॉल्ट २ सेकंदांचा आहे, आणि तो आकडा युजरस्पेसला (कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमना) बदलता येऊ द्या.

गेट फेल झालं तर मोजणी वाढलेली राहते की नाही, हे आजच ठरवून टाका. लिनक्सच्या जुन्या गेट-सिंकमध्ये (डिव्हाइस उठेपर्यंत थांबणाऱ्या गेटमध्ये) ती वाढलेलीच राहते, कितीतरी ड्रायव्हर एरर आली की सरळ परत जायचे, पुट राहून जायचं आणि ते डिव्हाइस पुन्हा कधी झोपायचंच नाही. शेवटी ५.१० मध्ये फेल झाल्यावर मोजणी आपोआप कमी करणारं वेगळं फंक्शन आलं. तुम्ही तेच डीफॉल्ट करा.

आणि वापराचा आकडा बाहेरून वाचता येईल अशी सोय पहिल्या दिवशीच करा. डिव्हाइस झोपत नाहीये असं दिसलं की आधी तो बघायचा, काम नसताना १ वर अडकला असेल तर एकतर कुठल्यातरी एरर पाथवर पुट राहिलंय, नाहीतर युजरने त्या डिव्हाइसची कंट्रोल ही सेटिंग "ऑन" (कायम जागं) वर ठेवलीय, कारण लिनक्समध्ये तसं केलं तरी हीच मोजणी एकने वाढते.