बटण तुमच्या हातात, निकाल कुणाच्या?

मशीनवरच्या जुगाराबद्दल आलेल्या पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या रूपांत आहे: यात डोकं किती आणि नशीब किती? उत्तर मशीनगणिक बदलतं. प्रत्येक ठिकाणी आम्ही एवढंच पाहिलं, की निकाल नेमका कोणत्या क्षणी ठरतो आणि त्यानंतर खेळणाऱ्याच्या हातात काही उरतं का.

गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो-बोटीवर स्लॉट मशीन खेळलो. चक्रं फिरत असताना पुन्हा बटण दाबलं की ती लगेच थांबतात. दोन साती ओळीत आणि तिसरी जरा वर, असं चार-पाच वेळा झालं. सरावाने नेमक्या वेळी बटण दाबणं जमेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

नाही जमणार. दुसऱ्यांदा बटण दाबल्याने फक्त फिरण्याचा देखावा आटोपता होतो. मशीनच्या आत आकडे काढणारा प्रोग्राम कोणी खेळत नसतानाही अखंड चालू असतो. तुम्ही पहिल्यांदा बटण दाबता त्या क्षणी जे आकडे हाती लागतात, त्यांवरून तिन्ही चक्रांनी कुठे थांबायचं ते ठरून जातं. पुढचे दोन-तीन सेकंद ही ठरलेल्या निकालाची मिरवणूक.

घाई करण्यात उलट तोटा आहे. समजा फेरीला ₹10 लागतात आणि मशीनचा परतावा 92 टक्के आहे. म्हणजे दर फेरीला सरासरी 80 पैसे गेले. तासाला 400 फेऱ्या खेळलात तर ₹320 जातील, चक्रं झटपट थांबवून 600 खेळलात तर ₹480. हे 92 टक्के लावलेल्या प्रत्येक रुपयावरचे असतात, खिशातून आणलेल्या रकमेवरचे नव्हेत. ₹2000 घेऊन बसलेला माणूस जिंकलेले पैसेही पुन्हा लावतो, म्हणून तो ₹1840 घेऊन उठत नाही.

आता ती ‘जरा वर’ थांबलेली साती. चक्रावर 22 जागा असतील तर तीन चक्रांच्या 22 × 22 × 22, म्हणजे 10,648 जुळण्या होतात. दहा हजारांत एक संधी असेल तर फार मोठं बक्षीस ठेवणं मालकाला परवडत नाही. 1984 मध्ये इंगे टेल्नेस या अभियंत्याला यावरच्या तोडग्याचं अमेरिकी पेटंट मिळालं. डोळ्यांना 22 जागांचं चक्र दिसतं, पण आतला प्रोग्राम, उदाहरणादाखल, 64 आकड्यांतून एक काढतो आणि प्रत्येक आकडा 22 पैकी एखाद्या जागेशी बांधलेला असतो. सातीच्या वाट्याला एकच आकडा येतो, तिच्या लगेच वरच्या आणि खालच्या रिकाम्या जागेला सहा-सहा. तीन साती जुळण्याची शक्यता आता 64 × 64 × 64, म्हणजे 2,62,144 मध्ये एक. आणि त्या चक्रावर साती ओळीवर एकदा आली तर ओळीच्या किंचित वर किंवा खाली बारा वेळा दिसते. तुमचा नेम हुकला नव्हता. हुकलेला दिसावा अशीच ती वाटणी असते.

बटणाने चक्र खरंच थांबतं अशी मशीन जपानात आहेत, त्यांना पाचिस्लॉट म्हणतात. चक्रावर 21 चित्रं आणि प्रत्येक चक्राला वेगळं बटण. पण तिथेही सोडत दांडा ओढताक्षणी निघालेली असते. जिंकण्याचा कौल असेल तरच चित्रं जुळू शकतात. नसेल, तर तुम्ही कितीही अचूक दाबा, मशीन चक्राला जास्तीत जास्त चार चित्रं पुढे घसरू देऊन जुळणी मोडते. सरावलेला हात मिळालेलं वाया घालवत नाही, एवढाच त्याचा उपयोग.

मग डोकं चालवावं असं एकही मशीन नाही का?
– एक वाचक, नाशिक

आहे. व्हिडिओ पोकर. पाच पत्ते येतात, हवे ते धरायचे, बाकीचे टाकून नवे घ्यायचे. नेवाडाच्या नियमांप्रमाणे पडद्यावरचे पत्ते खऱ्या 52 पत्त्यांच्या जोडातल्याइतक्याच शक्यतेने आले पाहिजेत, त्यामुळे इथे हिशेब मांडता येतो. गुलामांच्या किंवा त्यावरच्या जोडीपासून पैसे देणारा प्रकार सर्वांत रुळलेला. त्यातला एक हात पाहू.

बदाम एक्का, राजा, राणी, गुलाम आणि बदाम चौका. पाचही बदाम, म्हणजे तीन पत्तीवाल्यांचा कलर. लावलेल्या एका नाण्याला सहा नक्की. चौका टाकला तर? उरलेल्या 47 पत्त्यांत बदाम दश्शी एक, ती आली तर रॉयल फ्लश आणि एकाला 800. दुसरा कोणताही बदाम आला, असे सात आहेत, तर पुन्हा कलर आणि सहा. इतर तीन दश्श्यांनी सीक्वेन्स, चार. बाकीच्या एक्का-राजा-राणी-गुलामांपैकी बारा पत्त्यांनी जोडी, एक. बेरीज 800 + 42 + 12 + 12 = 866, भागिले 47, म्हणजे सरासरी 18 हून थोडं जास्त. हातातले सहा मोडून चौका टाकायचाच. 47 पैकी 24 वेळा हाती काहीच लागणार नाही आणि तेव्हा जीव जळेल, तो भाग वेगळा.

चुका बहुतेक जण छोट्या हातांत करतात. छक्क्यांची जोडी आणि सोबत 7, 8, 9 आले तर सीक्वेन्सचा मोह होतो. 6-7-8-9 धरले तर चार पंज्या आणि चार दश्श्या कामाच्या: 8 × 4 भागिले 47, म्हणजे 0.68. जोडी धरली तर 0.82. जोडीच ठेवा. मात्र एकाच रंगाचे चार पत्ते असतील तर ते लहान जोडीपेक्षा वरचढ, आणि गुलाम-राणी-राजा-एक्क्याची जोडी त्या चार पत्त्यांहूनही वरचढ. लहान जोडीसोबत ‘असू दे’ म्हणून एक्का धरून ठेवणं ही सवय सरळ तोट्याची.

बसण्याआधी पडद्यावरच्या तक्त्यात दोन ओळी वाचा: फुल हाउस, म्हणजे तीन सारखे पत्ते आणि एक जोडी, आणि फ्लश, म्हणजे वरचा कलर. एका नाण्याला 9 आणि 6 असतील तर बिनचूक खेळून दीर्घकाळात 99.54 टक्के परत येतात. 8 आणि 5 असतील तर 97.30. 7 आणि 5, 6 आणि 5 असे तक्तेही असतात, तिथून उठावं. हे आकडे पाच नाणी लावली तरच, कारण चारपर्यंत रॉयल फ्लशला एकाला 250 च मिळतात. आणि रॉयल साधारण 40,000 हातांत एकदा येतो, तोवर जवळपास दोन टक्के परतावा त्याच्याकडे अडकलेला असतो. थोडक्यात, उत्तम खेळाडूही बहुतेक संध्याकाळी हरतो, फक्त हळू हरतो.

अमेरिकेत मूलनिवासींच्या काही कॅसिनोंत पोकरसारखीच दिसणारी मशीन असतात, पण पडद्याच्या कोपऱ्यात बिंगोचं छोटं कार्ड असतं. तिथे निकाल बिंगोचा. पत्ते चुकीचे टाकलेत तरी मशीन ठरलेली रक्कम देतं. वरचा सगळा हिशेब तिथे गैरलागू.

इथे पबमधल्या फ्रूट मशीनबद्दल, म्हणजे इथल्या स्लॉट मशीनबद्दल, मित्र म्हणतात, ‘बराच वेळ कोणी जिंकलं नाही, भरली आहे, आता देईल.’ हा भ्रमच ना?
– एक विद्यार्थिनी, लेस्टर

ब्रिटनमध्ये याचं उत्तर मशीनवरच्या सूचनेत सापडतं. मशीन ‘रँडम’ असल्याचं लिहिलं असेल तर भ्रमच. पण तिथे ‘कॉम्पेन्सेटेड’ मशीनही कायदेशीर आहेत: आधी किती दिलं-घेतलं हे पाहून ती ठरलेल्या टक्क्याकडे स्वतःला ओढतात, आणि आधीच्या खेळाचा परिणाम होऊ शकतो हे त्यांवर लिहावं लागतं. तिथे मित्रांच्या म्हणण्यात तथ्य आहे, उपयोग मात्र थोडा, कारण ती कुठवर भरली आहे हे बाहेरून कळत नाही. आणि मशीनने पुढचा आकडा ‘जास्त की कमी’ असं विचारलं तर पत्त्यांसारखा हिशेब करू नका. दोनवर ‘जास्त’ म्हणूनही ती हरवू शकते.

मॉलमध्ये मुलं पंज्याच्या मशीनमधून टेडी काढायला ₹500 घालवतात. हे तरी कौशल्याचं ना?
– एक पालक, ठाणे

अर्धंमुर्धं. पंज्याची पकड विद्युतदाबावर चालते आणि तो सेटिंगमधून कमी-जास्त करता येतो. पुष्कळ मशीनमध्ये ‘इतक्या खेळांमागे एकदा घट्ट पकड’ असंही ठरवता येतं. टेडी उचलला जातो आणि पंजा वर पोचताच सैल पडतो, ती ढिली पकड. तो खेळ तिथेच संपला. उरलेलं कौशल्य इतकंच: तळात रुतलेलं खेळणं सोडून बाहेर पडायच्या खिडकीजवळचं, मोकळं पडलेलं निवडा, पंजाचा झोका थांबल्यावरच बटण दाबा, आणि आधी दुसऱ्यांचे दहा-बारा खेळ बघा. काउंटरवर तोच टेडी विकत मिळतो का, हेही विचारून घ्या.

रमी कौशल्याची आणि स्लॉट नशिबाचा, हे ठरवलं कोणी?
– एक वाचक, सोलापूर

रमीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये, आंध्र प्रदेशातल्या खटल्यात. पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कोणता धरायचा आणि कोणता टाकायचा हे ठरवावं लागतं, म्हणून कौशल्य प्रधान. तीन पत्तीला त्याच निकालात नशिबाचा खेळ म्हटलं आहे. कर्नाटकातल्या व्हिडिओ गेम पार्लरचं प्रकरण 1995 मध्ये आलं, तेव्हा ती मशीन जुगाराच्या व्याख्येत येतात आणि त्यांना परवाना लागतो, असा निर्णय झाला.

महाराष्ट्रात 1887 चा जुगारबंदी कायदा आजही लागू आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे, स्लॉटला नाही. राज्याने 1976 मध्ये कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. गोव्याने 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला वाट दिली, पुढे 1996 मध्ये बोटींवरच्या टेबल-खेळांना. ऑनलाइन पैसे लावून खेळायच्या खेळांबाबत 2025 च्या केंद्रीय कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेदच ठेवलेला नाही.

कॅसिनोचं सभासद-कार्ड मशीनमध्ये घातलं की ती कमी देते, खरं का?
– एक वाचक, पणजी

नाही. आकडे काढणाऱ्या प्रोग्रामला कार्डाचा पत्ता नसतो. कार्ड मोजतं ते तुम्ही एकूण किती लावलं आणि किती वेळ बसलात. लावलेल्या रकमेला मशीन स्वतःकडे ठेवतं त्या टक्क्याने गुणलं की तुमच्याकडून अपेक्षित कमाई निघते, आणि मोफत जेवणाचं कूपन त्यातलाच एक तुकडा असतो.