सेमिनारला तोंडच उघडत नाही, जाणं सोडू का?

प्रश्न: मी नाशिकला एस.वाय.बी.ए. करतेय, इकॉनॉमिक्स स्पेशल. वर्गात शंभराच्या वर मुलं. या टर्मपासून सरांनी पंधरा-पंधरा जणांचे गट पाडलेत, शनिवारी गोल बसवून चर्चा घेतात. मी निफाडकडून एसटीने येते, शाळा मराठी मीडियमची. गटातली तीन-चार मुलं इंग्लिशमध्ये सुरू झाली की माझी बोलतीच बंद होते. त्यापेक्षा लायब्ररीत बसून नोट्स काढलेल्या काय वाईट? जाणं सोडून देऊ का?
- एक विद्यार्थिनी

उत्तर: अजिबात सोडू नकोस गं. शंभर जणांच्या लेक्चरला तुला काय कळलं नाही ते सरांना कळायला मार्गच नसतो, आणि तुला स्वतःला ते कळतं परीक्षेच्या आदल्या रात्री. पंधरा जणांत ते तिथल्या तिथे उघडं पडतं, म्हणून तर भीती वाटते आणि म्हणूनच त्याचा उपयोग होतो. ऑक्सफर्डला लेक्चर असतातच, पण खरा अभ्यास दोन-तीन विद्यार्थी आणि एक शिक्षक अशा ट्युटोरियलमध्ये होतो, त्यासाठी आधी निबंध लिहून न्यावा लागतो. २०१४ साली अमेरिकेत सायन्स, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या कोर्सेसवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तर नुसतं लेक्चर असलेल्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के मुलं नापास आणि मुलांना बोलतं-करतं ठेवणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. फरक लहान नाहीये.

आता तुझं बघू. मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते, हा टॉपिक निघाला की शहरातली मुलं पुस्तकातली व्याख्या सांगतील, पण डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी आली आणि मे २०२४ मध्ये उठली तो काळ तू निफाड तालुक्यात राहून पाहिलायस. लासलगावच्या लिलावात ट्रॉल्या रांगेत उभ्या, व्यापारी दोन-चार कांदे हातात घेऊन बघणार आणि क्विंटलमागे बोली लावणार, ते सांग की! भाव निम्म्यावर आला म्हणून कोणी घरात दुप्पट कांदा खात नाही, म्हणून निर्यात थांबून बाजारात माल जास्त झाला की भाव धाडकन पडतो. लवचिकता कमी म्हणजे हेच, आणि हे तुझ्याइतकं जवळून त्या गटात कोणी सांगेल असं मला वाटत नाही.

एक कर, दिलेला उतारा वाचताना जिथे अडलीस तिथे पेन्सिलने खूण कर आणि शनिवारी पहिल्या दहा मिनिटांतच तेवढं विचारून टाक, कारण जेवढा उशीर तेवढं तोंड उघडणं जड जातं. आणि सरांना एकटीने भेटून सांग की चर्चेआधी दोन मिनिटं शेजारच्याशी बोलू द्या, म्हणजे गप्प मुलांना वाक्य जुळवायला वेळ मिळतो. बी.ए.चा पेपर मराठीत लिहिता येतो, मग चर्चा मराठीत केली तर काय बिघडलं, हेही विचार. चांगले शिक्षक याला नाही म्हणत नाहीत.