घरात बजीची जोडी आहे, पिल्लं काढू का?

तुम्ही लिहिलंय की दुकानातून 'लव्हबर्ड' म्हणून आणलेली बजीची (छोट्या पोपटांची) जोडी काही महिने घरात आहे, नर मादीला भरवतो, मादी पिंजऱ्यातला कागद कुरतडते, तर आता घरट्यासाठी मटका लावावा का?

आधी पिल्लं कुठे राहणार ते ठरवा. एका वेळी ४ ते ६ अंडी होतात, आणि मटका तसाच ठेवला तर पहिली पिल्लं उडायच्या आत मादी पुन्हा अंड्यांवर बसते. वर्षात दोनाचे दहा होणं अवघड नाही. दुसरा मोठा पिंजरा नसेल, पिल्लं घेणारी खात्रीची माणसं नसतील, तर मटका लावूच नका. जोडी आहे म्हणजे वीण झालीच पाहिजे असं नसतं. घरटं मिळालं नाही तर बजी सहसा अंडी घालत नाहीत आणि मजेत राहतात. जास्त झालेले बाहेर सोडून देणं म्हणजे कावळ्या-मांजरांच्या तोंडी देणं.

ठरलंच असेल तर वय बघा. कपाळावरच्या काळ्या रेषा थेट चोचीपर्यंत असतील तर ते अजून पिल्लूच आहे. मादी किमान वर्षाची हवी. वीणीला आलेल्या मादीचा चोचीवरचा नाकपुड्यांचा भाग गडद तपकिरी, खरबरीत होतो; नराचा निळा असतो (पूर्ण पिवळ्या-पांढऱ्या नरांत गुलाबी-जांभळा). दोघं एकाच दुकानातल्या एकाच पिंजऱ्यातले असतील तर भावंडं असू शकतात, हेही विचारून घ्या.

आपल्याकडे कोल्हापुरात जून ते सप्टेंबर टाळा. दमट हवेत राळे-बाजरीला बुरशी धरते, घरट्यातला भुसा ओला राहतो. एप्रिल-मेच्या उन्हात बंद घरट्यात पिल्लं धापतात. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ बरा.

मटक्यापेक्षा मी लाकडी पेटी सुचवेन: साधारण ९ इंच लांब, ६ रुंद, ६ उंच, दीड-दोन इंचाचं भोक आणि वरून उघडणारं झाकण. मटक्यात आत बघता येत नाही, साफही होत नाही. पेटीच्या तळाला उथळ खळगा हवाच. गुळगुळीत सपाट तळावर पिल्लांचे पाय दोन्हीकडे फाकतात आणि तसेच राहतात. वर जाड भुसा घाला, पण प्लायवूडचा नको, त्यात गोंद असतो.

सगळ्यात मोठा धोका अंडं अडकण्याचा. कॅल्शियम कमी, मादी कोवळी किंवा थंडी जास्त असली की हे होतं. म्हणून पेटी लावायच्या महिनाभर आधीपासून पिंजऱ्यात कॅल्शियमसाठी समुद्रफेस (माकुळाचं पांढरं हाड) टांगा, रोज थोडी कोथिंबीर किंवा शेपू, आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं कुस्करून द्या. मादी पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसली, शेपटी वरखाली हलतेय, जोर करतेय असं दिसलं तर तिला ऊब द्या. त्यासाठी जुना पिवळा बल्ब लागतो, एलईडीने ऊब मिळत नाही. त्याच दिवशी पक्षी बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या. तेल लावून दाबून अंडं काढायला जाऊ नका, आत फुटलं तर मादी जाते. असा डॉक्टर आधीच शोधून ठेवा.

अंडी एक दिवसाआड येतात आणि प्रत्येक साधारण १८ दिवसांनी फुटतं, त्यामुळे थोरल्या-धाकट्यात आठ-दहा दिवसांचं अंतर पडतं. धाकट्याच्या गळ्याची पिशवी रोज बघा. रिकामी दिसली तर ते चेंगरतंय किंवा उपाशी आहे. कुस्करलेल्या अंड्यासारखं मऊ खाणं या काळात रोज ताजं द्या, उरलेलं दोन तासांत काढा. पिल्लं महिना-सव्वा महिन्यात बाहेर येतात. स्वतः दाणे फोडून खाताना आठवडाभर दिसली की वेगळी करा आणि पेटी लगेच काढा. आईला पुन्हा बसायचं असेल तर ती त्यांची पिसं उपटते, चावतेसुद्धा. वर्षात दोनच वीणी, मग सहा महिने विश्रांती.

आणि न ठरवता अंडी झालीच, तर उचलून टाकू नका. मादी ती भरून काढायला आणखी घालते. उकळून, गार करून परत ठेवा. कंटाळून बसणं सोडलं की मग काढा.