श्राद्ध घातलं तर आपणच त्यांना मारल्यासारखं होईल का?

पितृपक्ष जवळ आला की माझ्याकडे हा प्रश्न हमखास येतो. कुणाचा भाऊ पुरात वाहून गेला तो सापडलाच नाही, कुणाचा मुलगा मुंबईला म्हणून गेला तो गेलाच, मग घरातलं कोणीतरी मोठं माणूस म्हणतं विधी उरकून टाका, आणि आई नाहीतर बायको म्हणते जित्या माणसाचं श्राद्ध घालू का मी? कोल्हापुरात समुपदेशनाची प्रॅक्टिस करताना हे इतक्यांदा ऐकलंय की एकदा नीट लिहायचं ठरवलं. ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात.

2023 ला शिरोळकडच्या एक ताई आल्या, वय 51. वडील 1971 च्या लढाईत पश्चिम सीमेवर बेपत्ता झाले तेव्हा ह्या आईच्या पोटात होत्या. त्या लढाईतल्या 54 बेपत्ता जणांची यादी सरकारकडे आहे, 2007 ला काही नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग बघून पण आले, हाती काही लागलं नाही. ताईंच्या वडिलांचं नाव त्या यादीतही नाही. काका दरवर्षी म्हणायचे, तिथी माहीत नाही तर सर्वपित्री अमावस्येला घाला. आई त्या दिवशी जेवायचीच नाही.

ताई मला म्हणाल्या, "मॅडम, निदान हाड तरी सापडलं असतं तर सुटलो असतो."

मी त्यांना युरोपातल्या बोस्निया देशातल्या स्रेब्रेनिका गावाचं सांगितलं. तिथं जुलै 1995 मध्ये 8000 हून जास्त पुरुष आणि पोरं मारली, आणि नंतर पुरावा लपवायला मशीननं खड्डे उकरून मृतदेह दुसरीकडे नेले, त्यामुळे एकाच माणसाची हाडं दोन-तीन ठिकाणी निघाली. घरच्यांच्या रक्तावरून डीएनए जुळवतात आणि कळवतात, सापडलंय, पण थोडंच. मग आईनं काय करायचं, आहे तेवढं पुरायचं का बाकीचं मिळेपर्यंत थांबायचं? कोणी पुरलं, कोणी थांबलं. चूक कोणाचीच नाही.

ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे काका पण चूक नाहीत आणि आई पण."

पॉलीन बॉस नावाच्या अमेरिकन बाईंनी अशा दुःखाचा आयुष्यभर अभ्यास केला, माझं काम त्यांच्याच वाटेनं चालतं. त्यांचं म्हणणं असं की इथं शेवट करायच्या मागं लागायचं नाही, माणूस गेला असेल आणि नसेलही, ही दोन्ही वाक्यं एकाच मनात राहू शकतात.

चौथ्या वेळी ताईंची आई, म्हणजे आजी, स्वतः आल्या. कुंकू, मंगळसूत्र, पिशवीत फोटो. वर्दीतला 26 वर्षांचा पोरगा. मी श्राद्धाचा विषयच काढला नाही, फक्त विचारलं, "आजी, आज दारात आले तर किती वर्षांचे असतील ओ?"

आजींनी बोटं मोजली, थांबल्या. मग आपल्याच हाताच्या सुरकुत्यांकडं बघत म्हणाल्या, "अठ्ठ्याहत्तर. म्हातारं झालं असतील की. मी तर ह्या पोराचीच वाट बघत बसले."

आणि रडल्या. लेक म्हणाली, आईला असं रडताना कधी बघितलंच नव्हतं.

मला तिथं जे उमगलं ते पुस्तकात वाचून उमगलं नव्हतं. नवरा गेला का नाही हे आजींना कोणीच सांगू शकत नव्हतं, पण 52 वर्षं गेली हे नक्की होतं, आणि त्या वर्षांसाठी रडायला कोणाच्या दाखल्याची गरज नव्हती. तेव्हापासून मी अशा घरांना आधी हेच सांगते, काय नक्की गेलंय ते बोला. संसार गेला, बापाच्या खांद्यावर बसायचं राहिलं, ते बोला. आणि सात वर्षं पत्ता नसला की कायदा माणूस मेला असं धरतो, ते पेन्शनीला, जमिनीच्या कागदाला वापरा, बिनधास्त वापरा, त्या कागदानं तुमची आशा रद्द होत नाही. पण बाईच्या गळ्यातलं काढायला कोणी सांगू नका, तो निर्णय तिचा एकटीचा. "मन घट्ट कर" पण म्हणू नका, 52 वर्षं घट्टच होतं ते.

त्या सर्वपित्रीला आजींनी नैवेद्य ठेवला, नाव न घेता, आणि स्वतः जेवल्या. मंगळसूत्र आहे तसंच आहे.

दिवाळीनंतर ताईंचा फोन आला. आजींनी नातवाकडून मोबाईलवर तो फोटो म्हातारा करून घेतला होता. बराच वेळ बघितला म्हणे, आणि म्हणाल्या, "केस एवढं पांढरं न्हाई व्हायचं ह्यांचं. सासऱ्यांचं बी झालं न्हवतं."