स्कीवर चढ चढताना टूरिंग बाइंडिंगमधून (बूट स्कीला धरणारी, चढताना टाच मोकळी ठेवणारी पकड) बूट सुटतो. बाइंडिंग बदलावं का?
बदलायची घाई नको. गुलमर्गला माझंही असंच व्हायचं, खोडी बर्फाची निघाली. पुढच्या जबड्याखाली, स्प्रिंगपाशी बर्फ घट्ट बसला की जबडा नीट मिटत नाही आणि पिना बुटाच्या खाचांत अर्ध्याच बसतात. काडीनं उकरून काढा, खाचाही साफ करा. बूट अडकवल्यावर टाच चार-पाचदा वर-खाली करा, मगच लॉक ओढा.

सोलापूरला परतलात की ओल्या फडक्यानं पुसून वाळवा. रॉकेल मारू नका, आतलं ग्रीस धुऊन जातं. पत्र्याखालच्या माळ्यावर तर नकोच, मे महिन्यात आपल्याकडं काय भट्टी असते माहितीये. स्क्रू सैल वाटले तर 3 नंबरचा पोझिड्राइव्ह (फुलीसारखाच, पण टोकाला जादा बारीक रेघा असलेला स्क्रूड्रायव्हर) वापरा. साध्या फुलीवाल्यानं मी एकाचं डोकं गुळगुळीत करून बसलोय.