सर्व्हरचं घड्याळ उड्या मारतंय? आधी हे बघ

सर्व्हरचा टाइम सारखा बदलतोय म्हणालास ना, अरे घाबरू नकोस, हे सगळ्यांचं होतं. पहिली चूक म्हणजे हाताने टाइम सेट करत बसणं, तू करतोयस तेच, दहा मिनिटांनी कोणीतरी परत फिरवतं आणि तो कोण हेच तर शोधायचंय.

आधी फरक किती पडतोय ते कागदावर लिही. बरोब्बर साडेपाच तास असेल तर घड्याळ बिघडलेलं नाहीये, यूटीसी (जगाचा प्रमाण टाइम) आणि आपल्या टाइमचा घोळ आहे, टाइमझोन बघ. लाइट गेल्यावर एकदम जुनी तारीख येत असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय, तो बदल, सीआर २०३२ असतो बहुतेक, मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळेल.

मधेच उडी मारत असेल तर बहुतेक घड्याळाला दोन मालक आहेत, म्हणजे दोघं टाइम लावतायत. व्हर्च्युअल मशीन (खऱ्या मशीनच्या आत चालणारं सॉफ्टवेअरचं मशीन) असेल तर खालचा होस्ट, म्हणजे ते खरं मशीन, पण टाइम ढकलतो आणि आत क्रोनी, म्हणजे नेटवरून टाइम जुळवणारा प्रोग्राम, तो पण. माझ्याकडे अंधेरीच्या ऑफिसात हेच होतं, होस्टच चार मिनिटं मागे, मी दोन रात्री क्रोनीला शिव्या घालत शेवटच्या लोकलने घरी. एकच ठेव, दुसरा बंद कर. आणि फायरवॉलमध्ये यूडीपी १२३, म्हणजे नेटवरून टाइम येतो तो पोर्ट, उघडा आहे ना बघ.

स्ट्रॅटम (टाइम सर्व्हर मूळ घड्याळापासून किती पायऱ्या लांब ते) वगैरे आत्ता वाचू नकोस. फरक किती आला ते सांग फक्त.